दुर्मिळ साप समोर आला तर: आधी फोटो, मग फोन, पिशवी सगळ्यात शेवटी

पहिला पाऊस पडला की वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर एक बातमी ठरलेली: अमुक गावात दुर्मिळ साप सापडला. सोबत फोटो. सर्पमित्राच्या हातात शेपटीने लोंबणारा साप आणि मागून डोकावणारे दहा-वीस चेहरे. बातमी नीट वाचली तर बरेचदा तो साप साधा कवड्या निघतो, नाही तर रंगद्रव्य नसलेला पांढरट तस्कर. पांढरा तस्कर देखणा दिसतो खरा, पण तो तस्करच. घरात एखादं पोर घाऱ्या डोळ्यांचं निघालं म्हणून काही कूळ बदलत नाही.

खरोखर दुर्मिळ साप महाराष्ट्रात आहेत आणि अधूनमधून दिसतातही. पण ‘दुर्मिळ’ या एका शब्दात बरंच काही कोंबलेलं असतं. मांडूळ कोरड्या माळरानांत आणि शेतांत सर्वदूर राहतो. त्याला दुर्मिळ केलं ते चोरटा व्यापार करणाऱ्या माणसांनी. पोवळा कदाचित तुमच्या परसातल्या दगडाखालीही असेल. तो जमिनीत आणि रात्री जगतो, म्हणून नजरेस पडत नाही. काही खापरखवल्यांचं सगळं जग सह्याद्रीच्या एका तुकड्यात मावतं. आणि अंडीखाऊ साप तर कित्येक दशकं अभ्यासकांनाच भेटत नव्हता. या सगळ्यांच्या बाबतीत एक गोष्ट सारखी आहे. साप कुठे, कधी, काय करताना दिसला ही माहिती सापापासून तुटली की हातात उरतो नुसता बरणीतला साप. मग त्याचा ना अभ्यासकाला उपयोग, ना त्या सापाचं भलं.

वर्ध्यात सापडलेला हरवलेला साप

अंडीखाऊ सापाचं पहिलं वर्णन १८६३ मध्ये राइनहार्ट या डॅनिश प्राणिशास्त्रज्ञाने केलं. नमुना होता रंगपूरचा, म्हणजे आजच्या बांगलादेशातला. त्यानंतर उत्तर आणि पूर्व भारताच्या पट्ट्यातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके नमुने मिळाले आणि पुढे सगळं शांत. हा साप नामशेष झाला असावा, असंही बोललं जाऊ लागलं. २००३ मध्ये तो वर्ध्यात सापडला आणि २००५ मध्ये महाराष्ट्रातली त्याची पहिली नोंद प्रसिद्ध झाली. मग विदर्भातल्या इतर जिल्ह्यांतून, आणि पाठोपाठ गुजरात, तेलंगणा, राजस्थान इथूनही नोंदी येऊ लागल्या. गंमत अशी की ज्याला हिमालयाच्या पायथ्याचा, ओल्या जंगलातला साप समजलं जात होतं, तो भेटला विदर्भाच्या कोरड्या झुडपी रानात, शेताच्या आसपास. साप होता तिथेच होता. शोध चुकीच्या जागी चालला होता.

ओळखायचा कसा? दोन-अडीच फुटांचा सडपातळ साप, अंग गडद तपकिरी ते काळपट. पाठीच्या मधोमध मानेपासून शेपटीच्या टोकापर्यंत मळकट पांढरी रेघ. तपकिरी डोक्यावर काळसर, बाणासारखी खूण. बाहुली मांजरासारखी उभी. पाठीच्या कण्यावरची खवल्यांची रांग बाजूच्या रांगांपेक्षा मोठी. इथेच गफलत होते. कण्यावरचे मोठे, षटकोनी खवले ही मण्यारीची खूण म्हणून शिकवली जाते आणि ती खरीही आहे, पण तशी मोठी रांग मांजऱ्या सापांत असते आणि अंडीखाऊतही असते. फरक शेपटीखाली कळतो. मण्यारीचे शेपटीखालचे खवले एकसंध, अंडीखाऊचे जोडीजोडीने. अर्थात हे तपासायला साप उलटा करावा लागतो, आणि ज्याला मण्यार असल्याची शंका आहे त्याने ते करायचं नसतं. एकाच खुणेवर साप ओळखण्याची सवय सोडलेली बरी. २०१८ मध्ये जनुकांच्या तपासणीतून हा साप मांजऱ्यांच्याच गोतावळ्यातला असल्याचं पुढे आलं आणि त्याची स्वतंत्र प्रजात मोडून त्याला मांजऱ्यांच्या प्रजातीत घातलं गेलं. म्हणजे तोंडवळा मांजऱ्यासारखा वाटतो, तो उगाच नाही.

त्याचं जेवण जवळून पाहण्यासारखं असतं. अंडं समोर आलं की आधी जीभ लपलपवत तो त्याच्याभोवती फिरतो. तोंडात दात मोजके आणि बारीक. अंडं निसटू नये एवढीच पकड हवी, चावायचं काहीच नसतं. जबडा अंड्यावर इंचाइंचाने चढतो. अंडं घशाखाली उतरतं तेव्हा मानेची कातडी इतकी ताणते की खवले एकमेकांपासून सुटून मधली फिकट त्वचा दिसू लागते. मानेतल्या मणक्यांना खालच्या बाजूने हाडाची टोकं असतात आणि ती अन्ननलिकेच्या आत घुसलेली असतात. साप मान वाकवतो, टोकं कवचावर दाबली जातात, कवच तडकतं आणि मानेवरचा तो फुगवटा हळूहळू बसत जातो.

आता असा साप पकडून घरी खोक्यात ठेवला तर काय होईल याचा अंदाज करा. कोंबडीचं अंडं चार सेंटिमीटरहून जाड. या सापाचं डोकं अंगठ्याच्या पेराएवढं. अंडं त्याच्या तोंडात जातच नाही. उंदीर-पाली तो बघत नाही. रानातही त्याला वर्षभर अंडी मिळत नाहीत. सुगरण, मुनिया यांसारखे पक्षी पावसाच्या सुमारास घरटी करतात, तेवढाच सुकाळ. बाकीचे महिने उपासाचे. म्हणून उन्हाळ्यात सापडलेला अंडीखाऊ रोडावलेला दिसला तर तो आजारी आहे असं समजायचं कारण नाही. ‘बिचारा उपाशी आहे’ म्हणून सिरिंजने अंड्याचा बलक घशात सोडणं हा तर शुद्ध घात. सापाची श्वासनलिका तोंडाच्या तळाशी, जिभेच्या मागेच उघडते. बलक तिथे गेला की फुप्फुसाचा संसर्ग ठरलेला.

खापरखवल्या: डोकं कुठलं आणि शेपूट कुठलं

आंबोली, महाबळेश्वर, भीमाशंकर अशा घाटमाथ्यांवर पावसाच्या पहिल्या सरी कोसळल्या की रस्त्यावर करंगळी-अंगठ्याएवढे जाड, चकचकीत, गांडुळासारखे वळवळणारे जीव दिसतात. बरेच जण त्यांना गांडूळ किंवा वाळा नावाचा छोटा साप समजून पुढे जातात, गाड्या त्यांच्यावरून जातात. हे खापरखवले. कूळ फक्त भारतीय द्वीपकल्पात आणि श्रीलंकेत, जगात इतरत्र कुठेच नाही. मोठ्या खवल्यांच्या एका खापरखवल्याच्या उपजातीला तर महाबळेश्वरचंच नाव आहे, १९५५ पासून. २०१६ मध्ये दक्षिण महाराष्ट्र, गोवा आणि उत्तर कर्नाटकातल्या सह्याद्रीतून एका काळ्या जातीचं नव्याने वर्णन झालं आणि तिला पुण्याचे सर्पतज्ज्ञ नीलिमकुमार खैरे यांचं नाव दिलं गेलं. लोक शेकडो वर्षं ज्या वाटांनी घाट चढतात-उतरतात, त्या वाटांखाली एक साप कालपरवापर्यंत नावाशिवाय राहत होता.

याची बनावट नांगर आणि बुच अशा दोन कामांची आहे. डोकं निमुळतं, टोकदार, मानेपेक्षा रुंद अजिबात नाही. ते मातीत घुसायला. पुढच्या भागाचे स्नायू गडद लाल असतात, कारण त्यांत ऑक्सिजन साठवणारं मायोग्लोबिन भरपूर असतं. बीळ खोदायचं कष्टाचं काम तोच भाग करतो. कातडीच्या आत पाठीचा कणा आखडतो, अंग जाड होऊन बिळाच्या भिंतींना टेकतं आणि त्या आधारावर डोकं पुढे रेटलं जातं. बऱ्याच जातींत शेपटीचं टोक तिरकं कापल्यासारखं असतं आणि त्यावर खरखरीत ढाल असते. तिला माती चिकटते आणि मागून येणाऱ्यासाठी बीळ बंद होतं. म्हणूनच जमिनीवर सापडलेल्या खापरखवल्याच्या शेपटीवर चिखलाची टोपी दिसते. ती धुऊन काढायचा मोह टाळावा.

तो चावत नाही. हातात घेतला तर बोटांना विळखा घालतो आणि डोकं बोटांच्या फटीत खुपसतो. लोकांना ते गोड वाटतं. तो मात्र बीळ शोधत असतो. आणि तळहात त्याच्यासाठी तापलेला तवा आहे. घाटमाथ्याच्या ओल्या मातीत जगणाऱ्या या सापाला थंडावा लागतो, आपल्या हाताची कातडी त्याहून कितीतरी गरम. पाच मिनिटांच्या फोटोसेशनने मरणार नाही, पण दमतो. रस्त्यावरून हलवायचाच असेल तर पुठ्ठा किंवा रुंद पान अंगाखाली सरकवा आणि तो ज्या दिशेला तोंड करून होता त्याच बाजूला, रस्त्याच्या कडेच्या पालापाचोळ्यात ठेवा. बोटाने उचलू नका. कारण खापरखवल्याची खात्री नसताना उचललेला बारीक, काळपट साप मण्यारीचं पिल्लू असू शकतो.

किंवा पोवळा. पोवळा हा आपल्याकडचा सगळ्यात बारीक विषारी साप: पेन्सिलीहूनही सडपातळ, जेमतेम फूटभर, डोकं काळं, शेपटीवर दोन काळे पट्टे. डिवचला की शेपूट वळवून तिची निळसर खालची बाजू दाखवतो. गावाकडे पोरं याला वाळा समजून हातावर खेळवतात. तोंड लहान असल्याने दंश क्वचित होतो, पण हा नाग-मण्यारीच्या कुळातला आहे. खातो काय, तर प्रामुख्याने वाळ्यासारखे छोटे साप. कॅस्टो या अभ्यासकाच्या नावाचा पोवळा तर २०१२ मध्ये महाराष्ट्र-गोवा-कर्नाटकच्या सह्याद्रीतून शास्त्राला कळला.

चापड्याविषयी थोडक्यात, कारण या विषारी सापाला पकडणाऱ्यांपेक्षा छायाचित्रकारांचा त्रास जास्त. मलबारी चापडा ओढ्याकाठच्या एखाद्या फांदीवर किंवा दगडावर कित्येक रात्री तिथल्या तिथे दबा धरून बसतो. ती जागा त्याने बेडकांची ये-जा हेरून निवडलेली असते. पार्श्वभूमी चांगली यावी म्हणून काठीने त्याला दुसऱ्या फांदीवर नेलं की आपल्याला एक फोटो मिळतो आणि त्याचं जेवण बुडतं. आणि मांडुळाचं दुर्दैव त्याच्या बोथट शेपटीत आहे. दुतोंडी, गुप्तधन दाखवणारा, वजनावर लाखांनी विकला जाणारा, अशा भाकडकथांवर एक सबंध काळा बाजार चालतो. शेतात मांडूळ दिसला तर त्याचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकू नका. रात्रीत कोणीतरी पोतं घेऊन येईल.

चावला तर: चार सापांचंच औषध

भारतात मिळणारं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषांवर बनतं. चापडा आणि पोवळा त्यात नाहीत. चापड्याच्या दंशाने बहुतेक वेळा जोरदार सूज आणि वेदना होतात. तिथे या औषधाचा फायदा होत नाही, मात्र औषधाची अॅलर्जी आली तर ती खरी असते. म्हणून डॉक्टरांना सापाचा फोटो दाखवता आला तर उपचाराची दिशा ठरायला मदत होते. फोटो नसेल तर त्यासाठी सापामागे धावू नये. डॉक्टर लक्षणांवरून ठरवतात. साप मारून किंवा बरणीत घालून दवाखान्यात नेणं म्हणजे दुसऱ्या दंशाला आमंत्रण. चावलेला हात-पाय हलू द्यायचा नाही, अंगठ्या-बांगड्या सूज यायच्या आत काढायच्या, आवळपट्टी बांधायची नाही, चीर द्यायची नाही, १०८ ला फोन करायचा. पोवळ्याच्या दंशानंतर काही होत नाहीसं वाटलं तरी दवाखान्यात देखरेखीखाली राहायचं, कारण या कुळाच्या विषाने पापण्या जड होणं, गिळताना अडणं, श्वास मंदावणं अशी लक्षणं उशिरा येऊ शकतात.

नोंद: फोटो कसा, माहिती कोणती

साप दिसला की किमान दोन मीटर लांब थांबा. कुत्री, पोरं, काठ्या मागे. एकाने नजर सापावर ठेवायची, कारण सगळे फोनवर बोलायला लागले की साप कुठे गेला ते कोणालाच सांगता येत नाही. घरात असेल आणि बाहेर जायला वाट असेल तर ती मोकळी करून द्या. फिनाईल, रॉकेल, मीठ टाकू नका. त्याने साप वाट बदलत नाही, बिथरतो आणि कधी कधी भाजतो.

फोटो सापाच्या अगदी जवळ जाऊन नव्हे, झूम करून. आधी अख्खा साप वरून. मग डोकं एका बाजूने, ज्यात डोळा, नाकपुडी आणि वरच्या ओठाचे खवले दिसतील. ओळख पटवणाऱ्याला निम्मं उत्तर तिथेच मिळतं. मग डोक्याचा माथा. मग अंगाचा मधला भाग, खवल्यांच्या रांगा मोजता येतील इतका स्पष्ट. शेवटी शेपूट. फ्लॅशने चकचकीत सापाचे रंग पांढरट येतात, त्यामुळे बाजूने टॉर्च मारणं बरं. माप कळण्यासाठी शेजारच्या फरशीचा, विटेचा, पानाचा फोटो वेगळा घ्या. नाणं ठेवायला सापाजवळ हात नेऊ नका.

मग ताबडतोब लिहून ठेवायचं: तारीख, वेळ, गाव आणि वाडी, फोनवरचे अक्षांश-रेखांश, पाऊस होता की ऊन, जागा काय होती (बांध, विहिरीचं कडं, लाकडाचा ढीग, डांबरी रस्ता), साप काय करत होता. आणि एक ओळ जी कोणीच लिहीत नाही: त्या दिवशी तिथे ट्रक, लाकूड, केळी, रोपवाटिकेची माती असं काही बाहेरून आलं होतं का? शहरातल्या बाजारात एखादा घाटातला चापडा निघाला तर तो बहुधा भाजीच्या किंवा रोपांच्या गाडीतून आलेला असतो. ही ओळ नसेल तर उद्या नकाशावर त्या जातीचा एक खोटा ठिपका पडतो आणि तो पुसायला वर्षं जातात.

व्हॉट्सअॅपवरून फोटो पाठवताना एक खोच आहे. साध्या पद्धतीने पाठवला की फोटो आकसतो आणि त्यात दडलेलं स्थळ-वेळ निघून जातं. अभ्यासकाला पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. आणि सार्वजनिक ठिकाणी टाकायचा तर याच्या उलट: नेमकी जागा लपवा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना जागा झाकण्याचा पर्याय आहे. तो निवडला की लोकांना अंदाजे वीसेक किलोमीटरच्या चौकोनातला ठिपका दिसतो, मूळ जागा नोंदीत सुरक्षित राहते. मांडूळ, अंडीखाऊ, चापडा यांच्यासाठी तोच निवडावा.

रस्त्यावर चिरडलेला साप सापडला तरी नोंद वाया जात नाही. उलट मेलेल्या सापाचे शेपटीखालचे खवले निवांत पाहता येतात, फक्त डोक्यापासून हात लांब ठेवा. विषारी सापाचा जबडा मेल्यावर काही काळ प्रतिक्षिप्त क्रियेने चावू शकतो. पण तो घरी आणून स्पिरिटमध्ये घालायचा नाही. मेलेला वन्यप्राणीही कायद्याने सरकारची मालमत्ता असतो. वनखात्याला कळवा, तिथून तो अधिकृत संग्रहाकडे जाऊ शकतो.

पकडणाऱ्याच्या हातून काय बिघडतं

घरातला, विहिरीतला, जाळ्यात अडकलेला साप हलवावाच लागतो. त्यासाठी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर किंवा खात्याने ओळखपत्र दिलेल्या सर्पमित्राला फोन. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दातच पकडणं आणि अडकवणं मोडतं. अजगर, अंडीखाऊ यांच्यासारख्या अनुसूची १ मधल्या सापाला धरून ठेवलं तर शिक्षा तीन ते सात वर्षं, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५ हजार. ‘दोन दिवस निरीक्षणासाठी ठेवला होता’ हे कारण चालत नाही.

दुर्मिळ सापांत बरेचसे बारीक आणि नाजूक, आणि चिमटा बनवलेला असतो धामण-नागासाठी. चिमट्याची पकड खापरखवल्याच्या किंवा मांजऱ्याच्या फासळ्या मोडते, बाहेरून काही दिसत नाही आणि साप आठवड्याने मरतो. पकडणाऱ्याला वाटतं आपण जिवंत सोडला. बारीक सापाला रुंद, गुळगुळीत आकडा अंगाखाली घालून उचलावं, वजन दोन ठिकाणी पेलावं. शेपटीने लोंबकळवणं हे जड अंगाच्या चापड्याला आणि मांडुळाला सगळ्यात वाईट. सगळं वजन कण्यावर येतं. मान दाबणं तर टाळायलाच हवं. सापाची कवटी मानेला एकाच बारीक सांध्याने जोडलेली असते, आणि घाबरलेला साप पीळ घालतो तेव्हा तो सांधा दुखावतो.

पिशवी सुती, दुहेरी शिवणीची, वापरताना उलटी करून घेतलेली, म्हणजे सुटे दोरे बाहेर राहतात आणि सापाच्या अंगाला गुंडाळत नाहीत. साधारण दोन फूट बाय तीन फूट. तोंडाला पीळ देऊन गाठ, गाठीवर चिठ्ठी: जागा, वेळ, जात कळली असेल तर जात. चिठ्ठीशिवाय दोन पिशव्या एका गाडीत आल्या की कोणता साप कुठला हे संध्याकाळी कोणालाच आठवत नाही. खापरखवल्या आणि चापड्यासाठी पिशवीत मूठभर ओला पाला. पिशवी झाकण असलेल्या बादलीत, बादली सावलीत. उन्हात उभ्या, काचा बंद गाडीत दहा-पंधरा मिनिटं पुरतात. साप स्वतःचं तापमान खाली आणू शकत नाही. रेस्क्यू नीट होऊन साप डिकीत मेला, हे होतं आणि त्याची बातमी होत नाही. पिशवी दर सापानंतर गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायची, नाही तर एकाच्या अंगावरच्या बारीक गोचिड्या दुसऱ्याला लागतात.

बंदिवास कोणाला मानवतो

साप बंदिवासात जगतच नाहीत असं नाही. तमिळनाडूत इरुला समाजाची सर्पपकड सहकारी संस्था १९७८ पासून काम करते. तिथे प्रतिसर्पविषासाठी पकडलेले साप मातीच्या मडक्यांत राहतात. तळाला वाळू, तोंडाला कापड बांधलेलं. मडकं पाझरतं, म्हणून आत थंडावा. अंधार असतो, म्हणून साप डोकं आपटत नाही. साधारण तीन-चार आठवडे ठेवून, ठराविक वेळा विष काढून, पोटाच्या खवल्यावर खूण करून साप सोडले जातात. पण ते नाग, मण्यार, घोणस, फुरसं आहेत. काटक, आणि तिथे ठरलेला मुक्काम मोजका.

अंडीखाऊला हवी ती अंडी, पोवळ्याला वाळे, खापरखवल्याला ओल्या मातीतली गांडुळं. ज्याच्या ताटात एकच पदार्थ, त्याला काचपेटीत उपासच घडतो. त्यात काच पारदर्शक, माणसांची वर्दळ, खाली वर्तमानपत्र. खापरखवल्याची माती एक दिवस सुकली की कात अंगाला चिकटते. चापडा सतत काचेवर तोंड घासतो, ओठ सोलवटतात, तोंडात पू होतो. जबरीने खाऊ घातलं तर साप ओकतो, आणि प्रत्येक ओकारीबरोबर अंगातलं पाणी जातं. दूध पाजण्याबद्दल वेगळं सांगायला नको. तहानेने कासावीस साप ते पितो आणि लोक म्हणतात, बघा, आवडलं. जखमी साप असेल तर तो वनखात्यामार्फत पशुवैद्य असलेल्या केंद्रात जावा. बाकी कोणाकडेही, कितीही आवड असली तरी, नाही.

सोडण्यातही एक जुनी चूक आहे: ‘छान जंगलात’ सोडणं. वर्ध्याच्या बांधावर सापडलेला साप मेळघाटात नेऊन सोडला की त्याला ना लपायच्या जागा माहीत, ना पाण्याच्या. रेडिओ ट्रान्समीटर लावून केलेल्या अभ्यासांत असे हलवलेले साप नेहमीपेक्षा खूप जास्त भटकताना आढळले आहेत; जितकी भटकंती तितके रस्ते, तितकी माणसं. साप सापडल्या जागेपासून काही शे मीटरच्या आत, त्याच दिवशी. रात्री फिरणारा असेल तर संध्याकाळी. कात टाकायला आलेला, डोळे दुधाळ झालेला साप असेल तर दगडांच्या ढिगाजवळ.

खापरखवल्याला सोडताना पालापाचोळा बाजूला करून माती बोटभर खोल उकरावी आणि पिशवी तिथेच उलटी करावी. काही क्षण तो जागच्या जागी राहील. मग निमुळतं डोकं मातीत शिरेल, पाठोपाठ अंग आखडत-सुटत जाईल, आणि शेवटी चिखलाची टोपी घातलेली शेपटी भोकात अडकल्यासारखी दिसेल. ती आत गेली की घड्याळ बघून वहीत वेळ लिहायची आणि उकरलेला पाला परत वर पसरायचा.